विझत जाणारा स्वर

हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. सात दिवस, रात्रंदिवस ती कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. गाव पहारे वाटून घेतं. माझ्याकडं बहुतेक वेळा रात्री दोन ते चारचा पहारा येतो. त्या वेळी राळेगणसिद्धी गाढ झोपलेलं असतं. समईची वात तडतडली तरी ऐकू येते. उभं राहून बोटानं तारा छेडत राहायचं, एवढंच काम. चाल वाजवायची नाही, तान घ्यायची नाही, सूर तेवढा तुटू द्यायचा नाही. पहिला अर्धा तास डोक्यात कांद्याचा भाव, विहिरीवरची मोटर, कुणाशी झालेली बोलाचाली असं सगळं फिरत राहतं. मग केव्हातरी ते खाली बसतं, गढूळ पाणी निवळावं तसं, आणि तार तेवढी उरते.

आमच्या पारनेर भागातली तारेची वाद्यं बहुतेक अशीच. देवळातली वीणा, भजनातली एकतारी, तमाशातलं तुणतुणं. यातलं एकही गाण्याची चाल वाजवत नाही. गाणारा वेगळा असतो, तार त्याला पाय रोवायला जमीन देते. म्हणून माझ्या पुतण्यानं पुण्याहून गिटार आणली आणि गायकाशिवाय, शब्दांशिवाय, नुसत्या सहा तारांवर काहीतरी सांगायला लागला, तेव्हा मला खरोखर नवल वाटलं. गाणाऱ्याजवळ शब्द असतात. 'माहेर' म्हटलं की निम्मं काम शब्दच करतो. नुसत्या वाद्याला हा आधार नाही. मग वाजवणाऱ्याच्या मनातलं ऐकणाऱ्याच्या मनात पोचतं तरी कसं?

आपल्याकडं याचं ठरलेलं उत्तर असतं: मन भरून आलं की हात आपोआप वाजवतो. मीही तेच समजत होतो. गेल्या वर्षी माझी आई गेली, म्हणजे त्याची आजी. तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिसऱ्या दिवशी सावडून आलो, आणि संध्याकाळी तो गिटार घेऊन मागच्या ओट्यावर बसला. मला वाटलं, आज हा काहीतरी विलक्षण वाजवणार. दहा मिनिटं तो नुसत्या तारा लावत होता. एक लावली की दुसरी उतरल्यासारखी वाटायची. मग त्यानं गिटार भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "काका, हातच चालंना." त्याच्या मनात त्या दिवशी होतं तेवढं दुःख पुन्हा कधी नसेल, आणि त्याच दिवशी त्याच्याकडून एक सूरही निघाला नाही. धून आली ती दिवाळी उलटून गेल्यावर. तिच्याबद्दल शेवटी सांगतो.

या कोड्यावर एक नेमका प्रयोग झालेला आहे, आणि तो गिटारवरच झालेला आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक युस्लिन यांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. तीन व्यावसायिक गिटारवादक बोलावले. त्यांना तीन छोट्या चाली दिल्या आणि सांगितलं, हीच चाल एकदा संतापानं वाजवा, एकदा दुःखानं, एकदा आनंदानं, एकदा भीतीनं. चालीतले स्वर बदलायचे नाहीत. मग हे तुकडे 30 श्रोत्यांना ऐकवले. श्रोत्यांना भाव ओळखता आले. युस्लिन यांनी प्रत्येक तुकड्यातल्या पाच गोष्टी मोजल्या: लय, आवाजाचा जोर, स्वराचा रंग म्हणजे तो टोकदार की गोल, स्वर एकमेकांना जोडून येतात की तोडून, आणि या जोडण्या-तोडण्यात किती कमीजास्त होतं.

दुःख संथ लयीत, हलक्या आवाजात, जोडलेल्या आणि मऊ स्वरांत येतं. संताप जलद, मोठा, धारदार येतो. आनंदही जलद असतो, पण त्यात उड्या असतात. भीतीचा आवाज लहान, तुटक आणि बेभरवशाचा. पुढचा स्वर नेमका कधी पडेल याचा अंदाज लागत नाही. यात मला सगळ्यांत मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. दोन वादक एकच भाव वेगवेगळ्या वाटांनी पोचवू शकत होते. एकाची भिस्त लयीवर, दुसऱ्याची स्वराच्या रंगावर, आणि दोघांचंही दुःख श्रोत्याला सारखंच कळत होतं. आपल्या कीर्तनकारांचं असंच आहे. एक जण आवाज खाली आणून माणसं रडवतो, दुसरा मध्येच थांबून.

हे ओळखू का येतं, याचं एक पटण्यासारखं कारण त्यांनी पुढं दिलं. युस्लिन आणि त्यांचे सहकारी पेट्री लौक्का यांनी 2003 साली बोलण्यातल्या भावनांवरचे 104 आणि वादनातल्या भावनांवरचे 41 अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. खुणा बऱ्याच अंशी त्याच निघाल्या. दुःखी माणूस हळू, खालच्या पट्टीत, जोर न लावता बोलतो. चिडलेल्याचे शब्द आपटत येतात. म्हणजे गिटार ऐकताना आपण नकळत एक माणूस ऐकत असतो. शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकताना शब्द कळत नाहीत, तरी कोण चिडलंय आणि कोण रडतंय हे कळतं, तसंच.

आता वाद्याकडे जवळून पाहू, कारण गिटारला तिचा स्वतःचा एक स्वभाव आहे. पेटीचा भाता हलवत राहिलं की सूर हवा तेवढा लांबवता येतो. व्हायोलिनवर गज फिरतोय तोवर स्वर वाढवता येतो, फुलवता येतो. गिटारला हे नाही. तार छेडली की स्वर त्या क्षणी सगळ्यांत मोठा असतो, आणि तिथून पुढं तो फक्त विझत जातो. वादकाच्या हातात राहतं ते दोन-तीन गोष्टींपुरतं: तो जन्माला कसा घालायचा, विझताना त्याच्याशी काय करायचं, आणि पुढचा स्वर कधी आणायचा.

जन्माला कसा घालायचा, यातच किती फरक पडतो पाहा. तार घोडीजवळ छेडली तर आवाज पत्र्यासारखा, चावरा येतो. तीच तार, तेवढ्याच जोरानं, भोकाच्या वर मानेच्या बाजूला छेडली तर तो गोल आणि मऊ होतो. प्रत्येक तारेतून मुख्य सुराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर निघत असतात. घोडीजवळ छेडल्यावर हे बारीक सूर जोरात उठतात. तारेच्या मध्याकडे यावं तसे ते मंदावतात. पुतण्यानं मला हे डोळे मिटायला लावून ऐकवलं. एकच तार, एकच पडदा, हात फक्त चार बोटं सरकवला, आणि दोन वेगळी माणसं बोलल्यासारखं वाटलं. विझताना काय करता येतं? बोटानं तार आडवी ओढली की तिचा ताण वाढतो आणि स्वर चढतो. ही गिटारची मींड. दाबलेलं बोट जागच्या जागी हलवलं की स्वर थरथरतो. आणि तळहात टेकवला की स्वर तिथंच संपतो. शेवटचं फार महत्त्वाचं आहे. गिटारवादक जेवढा वेळ वाजवायला शिकतो, जवळजवळ तेवढाच वेळ त्याला थांबवायला शिकावं लागतं.

सहा तारांमधली सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा थरथरते, सगळ्यांत बारीक 330 वेळा. पुरुषाच्या बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वर उंच स्त्रीस्वरापर्यंतचा हा पट्टा. गिटार माणसाच्या इतकी जवळ वाटते त्यात याचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

भाव आणि सूर यांची सांगड घालण्याचा प्रयत्न आपल्याकडे फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणता स्वर कोणत्या रसाला, याची वाटणीच आहे: मध्यम-पंचम हास्य-शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र, अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघण राजाच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, तो ग्रंथ उत्तर आणि दक्षिण अशा दोन्हीकडच्या संगीतानं आपला मानला. म्हणजे हा सगळा विचार आमच्यापासून फार लांब झालेला नाही. देवगिरी शेजारच्याच जिल्ह्यात आहे.

पण भरतानं सांगितलेले रस आठच होते. शांतरस नववा, तो नंतर आला. अभिनवगुप्तानं त्याची बाजू जोरकसपणे मांडली. त्याच्यावर वाद होण्याचं कारण सरळ आहे. क्रोधाला हालचाल आहे, शोकाला अश्रू आहेत, भीतीला कंप आहे. शांतीला दाखवण्याजोगं काय आहे? रंगमंचावर ती कशी दाखवणार, आणि तारेवर कशी वाजवणार? या प्रश्नाला आमच्या नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) एक ठाम उत्तर गेलेलं आहे. नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि ज्ञानेश्वरांनी शांतरसाला शृंगाराच्याही वर बसवलं. ज्ञानेश्वरी ज्याला टेकून सांगितली असं मानतात, त्या नेवाशाच्या खांबापाशी मी जेव्हा जेव्हा जातो, तेव्हा हे आठवतं: सगळ्यांत अवघड रस त्यांनी निवडला, आणि तो शब्दांनी साधून दाखवला.

शांत अवघड आहे, हे आजच्या प्रयोगांतही दिसतं. कॅनडात लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी 1999 साली, हिंदुस्थानी रागांशी ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकवले. आनंद, दुःख, संताप आणि शांती, अशा चार भावांचे ते तुकडे होते. श्रोत्यांना राग-नियम ठाऊक नव्हते, तरी आनंद, दुःख आणि संताप ओळखता आले. शांतीपाशी मात्र त्यांची ओळख डळमळली. मला यात काही आश्चर्य वाटत नाही. शांतीला स्वतःची अशी ढोबळ खूण नाही. संथ लय दुःखाचीही असते, हलका आवाज भीतीचाही असतो.

गिटारवर शांतीच्या जवळ कोण पोचलं, असं कुणी विचारलं तर मराठी माणसाला एक तबकडी लगेच आठवायला हवी. 1967 मध्ये एच. एम. व्ही.नं 'कॉल ऑफ द व्हॅली' काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, एकाही शब्दाशिवाय. पहाटेला अहिर भैरव, पुढं नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पोलादी कांडी तारांवरून सरकवत मींड काढली. पडदे दोन स्वरांमध्ये कुंपण घालतात. कांडीनं ते कुंपणच काढून टाकलं आणि राग त्या वाद्यात शिरू शकला.

या तबकडीचे निर्माते होते जी. एन. जोशी, आणि हे मला फार हृद्य वाटतं. जोशी म्हणजे 1930च्या दशकात 'रानारानात गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीत घराघरांत नेणारे गायक. भाव आणि गीत हे दोन शब्द ज्या गानप्रकारात जोडले गेले, त्याच्या सुरुवातीच्या शिलेदारांपैकी एकानं तीस-पस्तीस वर्षांनी त्यातला 'गीत' बाजूला ठेवून नुसता भाव उरवला. वादकांसमोर त्या मेंढपाळाच्या दिवसाचं कथानक होतं. ऐकणाऱ्याला ते माहीत नसलं तरी चालतं. पण वाजवणाऱ्यांना ते हवं होतं. 'दुःखी वाजव' म्हटलं की कलाकार अवघडतो. 'सकाळ झालीय, मेंढरं सोडायची आहेत' म्हटलं की हात मोकळा होतो. मला वाटतं भावना वाद्यात उतरायला असं एखादं ठिकाण, एखादी वेळ लागते. भावनेला नुसतं बोलावलं की ती येत नाही.

आता आमच्या जिल्ह्याचा आणि इंग्लंडच्या एका गिटारवादकाचा संबंध सांगायला हवा. इथल्या पुष्कळांना तो माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

नगरहून दौंड रस्त्यानं निघालं की सुमारे नऊ किलोमीटरवर अरणगाव आहे, आणि तिथं मेहेराबाद. मेरवान शेरियार इराणी, म्हणजे मेहेरबाबा, पुण्यात 1894 साली जन्मलेले. 10 जुलै 1925 रोजी मेहेराबादला त्यांनी मौन धरलं, आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत, त्रेचाळीस वर्षांहून जास्त, ते बोलले नाहीत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवत सांगत. 1954 मध्ये पाटीही सोडली आणि फक्त हातांच्या खुणा उरल्या. संगीताची मात्र त्यांना विलक्षण ओढ होती. कव्वाली, गझल ते मन लावून ऐकत. स्वतः ढोलक वाजवत.

त्याच काळात लंडनमध्ये 'द हू' नावाचा चौघांचा वाद्यवृंद गाजत होता, आणि त्याचा गिटारवादक पीट टाउनशेंड संतापासाठी प्रसिद्ध होता. हात पवनचक्कीसारखा गरगर फिरवून तो तारांवर आणायचा. 1964 मध्ये लंडनजवळच्या एका छोट्या मंचावर ठेंगण्या छताला लागून त्याच्या गिटारची मान मोडली. त्यानं मग ती पुरती फोडून टाकली, आणि पुढं गिटार फोडणं हा त्याच्या कार्यक्रमाचाच भाग झाला. युस्लिनच्या प्रयोगातली संतापाची सगळी लक्षणं या तरुणात एकत्र होती: जलद, मोठा, धारदार.

1967 च्या सुमारास एका चित्रकार मित्राकडून त्याला मेहेरबाबांबद्दल कळलं. तो मित्र माईक मॅकइनर्नी. पुढं 'टॉमी'च्या तबकडीचं वेष्टन त्यानंच रंगवलं. 'टॉमी' मे 1969 मध्ये आली, बाबांनी देह ठेवल्यानंतर चार महिन्यांच्या आत, आणि तिच्या श्रेयनामावलीत अवतार म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं होतं. कथेतला टॉमी हा मुलगा पाहत नाही, ऐकत नाही, बोलत नाही. जगाचा स्पर्श त्याला कंपनांसारखा, संगीतासारखा जाणवतो. त्यामुळं जिथं टॉमीच्या आत काय चाललंय ते सांगायचं, तिथं टाउनशेंडला शब्द वापरता येईनात. त्यानं तिथं वाद्यांचे तुकडे घातले. 'स्पार्क्स' आणि दहा मिनिटांचा 'अंडरचर' हे त्यातले. न बोलणाऱ्या माणसाच्या ओढीनं एका गिटारवादकाला न बोलणारा नायक सुचला, आणि त्या नायकामुळं त्याला शब्दांशिवायचं संगीत लिहावं लागलं. भावना आणि वादन यांचा संबंध इतका उघड क्वचितच दिसतो.

टाउनशेंडमधला हा बदल तारेत ऐकू येतो. त्याच्या हातात आता वीज नसलेली, साधी लाकडी गिटार जास्त दिसू लागली. जोर तोच आहे, पण प्रहारानंतर तो तार विझेपर्यंत थांबतो, आणि पूर्वी तो थांबत नव्हता. 1970 मध्ये बाबांच्या भक्तांसाठी काढलेल्या एका तबकडीत त्यानं कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' गायलं. ते बाबांचं आवडतं गाणं. त्यांच्या देहाजवळही ते वाजवलं गेलं होतं. नाचाचं गाणं आहे ते. इतक्या आर्त सावकाशीनं ते म्हणता येतं, हे मला ते ऐकेपर्यंत ठाऊक नव्हतं.

1971 मध्ये आलेल्या 'बाबा ओ'रायली' या प्रसिद्ध रचनेच्या नावातले 'बाबा' हे आपले मेहेरबाबा, आणि 'रायली' हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. टाउनशेंडच्या डोक्यात एक वेडी कल्पना होती: माणसाच्या शरीराच्या आणि स्वभावाच्या नोंदी यंत्राला पुरवायच्या आणि त्यातून त्या माणसाचं संगीतचित्र काढायचं. बाबांचं असं चित्र त्याला हवं होतं. शेवटी त्यानं ऑर्गनवर एक छोटा, अखंड फिरणारा स्वरसमूह बांधला, आणि त्यावर तीन साधे स्वरमेळ ठेवले. गिटार पुष्कळ उशिरा येते. खाली ते चक्र फिरतंय, वर गिटार कडाडते, तरी चक्र हलत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पहाऱ्यावरची वीणा आठवली. ती ओढूनताणून आठवली नसावी: टेरी रायली हे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य, आणि किराण्याचा जीव तंबोऱ्याच्या न हलणाऱ्या षड्जात आहे, हे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांना ऐकणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

1972 मध्ये टाउनशेंड मेहेराबादला येऊन समाधीचं दर्शन घेऊन गेला. पुढच्या वर्षी 'क्वाड्रोफेनिया' आली. तिचा नायक जिमी हा चार मनःस्थितींत फाटलेला तरुण आहे, आणि प्रत्येक मनःस्थितीला एक चाल आहे. एक उद्धट, एक चक्रम, एक भावविवश, एक आर्त. या चारही चाली 'द रॉक' या वाद्यरचनेत एकेक करून येतात आणि शेवटी एकमेकींवर ठेवल्या जातात. लेखकाला चार मनांचं वर्णन एकामागून एक करावं लागतं. कागदावर दोन वाक्यं एकाच वेळी वाचता येत नाहीत. संगीतात चार चाली एकाच क्षणी वाजू शकतात आणि तरीही प्रत्येक वेगळी कळते. आपलं मन जसं असतं, एकाच वेळी चिडलेलं, दमलेलं, हळवं आणि आशेला लागलेलं, ते तसंच मांडायची सोय मला दुसऱ्या कुठल्या कलेत दिसत नाही.

त्या चारांतली आर्त चाल पावसाची आहे. पाऊस हा परमेश्वराचा आशीर्वाद, या मेहेरबाबांच्या बोलावरून ती सुचल्याचं टाउनशेंडनं सांगितलेलं आहे. इंग्रजीत पाऊस आणि राज्य या शब्दांचा उच्चार एकच, म्हणून 'प्रेमा, माझ्यावर राज्य कर' आणि 'प्रेमा, माझ्यावर बरस' असे दोन्ही अर्थ एका हाकेत येतात. लंडनच्या माणसाला पाऊस नकोसा असतो. वर्षभर त्याची रिपरिप चालू. पाऊस मागावा लागतो, तो आला नाही तर माणसं गाव सोडतात, ही जाण आमच्या बाजूची आहे. राळेगणला वर्षाला पाऊस जेमतेमच पडतो. 1975 मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी इथं नाले अडवायला, बांध घालायला सुरुवात केली ती पडलेला थेंब वाहून जाऊ नये म्हणून. मी ती चाल ऐकतो तेव्हा मला समुद्र दिसत नाही, जरी तबकडीवर लाटांचे आवाज आहेत. मला मृगाआधीचं आभाळ दिसतं.

राळेगणनंही मौन पाहिलंय. 16 ऑक्टोबर 2011 ला अण्णांनी इथं मौनव्रत धरलं, ते 4 नोव्हेंबरला दिल्लीत राजघाटावर सोडलं. त्यामागची कारणं वेगळी होती, त्यात इथं शिरत नाही. एवढंच सांगतो की बोलत नसलेल्या माणसासमोर बसलं की आपलाही आवाज खाली येतो, दोन वाक्यांमध्ये जागा पडायला लागते, आणि त्या जागेत पूर्वी न ऐकलेलं ऐकू येतं. मेहेराबादला दर 31 जानेवारीला, अमरतिथीला, दुपारी बारा वाजता हजारो माणसं पंधरा मिनिटं गप्प बसतात. मी एकदा त्यात बसलो आहे. सुरुवातीला खोकले, लहान मुलं, मंडपाचं कापड. मग ते सगळं असूनही पलीकडं जातं. ती शांतता रिकामी वाटत नाही. तार छेडून सोडल्यावर मागं जे उरतं, तसं काहीतरी तिच्यात असतं. माझ्या अल्पमतीला वाटतं की शांतरस तारेवर वाजतो तो असाच, स्वरापेक्षा स्वरानंतरच्या जागेत. वादकाला ती जागा सोडण्याचं धैर्य लागतं, कारण लोक समोर बसलेले असताना न वाजवणं फार कठीण.

पुतण्याची धून दिवाळीनंतरची. खळ्यावरची बाजरी घरात आली होती, थंडी पडायला लागली होती. तो त्याच ओट्यावर बसला. आधी त्यानं सगळ्यांत जाड तार खुंटी फिरवून एक स्वर खाली उतरवली. "आजी पहाट व्हायच्या आत दळायची, तेव्हा जात्याचा असाच आवाज यायचा ना?" असं त्यानं विचारलं. मी त्याला म्हटलं, घरातलं जातं तू कधी पाहिलंच नाहीस, तुझ्या जन्माआधीच चक्की आली. तो म्हणाला, "आजीनं ऐकवलंय. तोंडानं."

अंगठ्यानं त्यानं ती जाड तार छेडली आणि सोडून दिली. ती बरीचशी विझल्यावर परत छेडली. जात्याचा खुंटा एक फेरा पुरा करायला घेतो तेवढंच अंतर. त्यावर तिसऱ्या तारेवर चार-पाच स्वरांची एक ओळ, कोमल गांधारावरून उतरणारी. षड्जावर ती येईल असं वाटायचं, आणि दरवेळी तो एक स्वर अलीकडं थांबायचा. मग अंगठ्याची जाड तार पडायची आणि षड्ज तिच्यातून मिळायचा. म्हणजे ओळ तो पुरी करत नव्हता. खालची तार पुरी करत होती. डोळ्यांत पाणी यावं असं त्यात काही नव्हतं. रडून झालेल्या माणसाचं ते वाजवणं होतं. हात एकदाही थरथरला नाही. त्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत, ते मला त्या दिव्यात दिसत होते.

ही धून त्याला कशी सुचली, ते मी विचारलं. तो म्हणाला, "मी रडायला बसलो नव्हतो, काका. मला ती दळतानाचं ऐकायचं होतं."

त्यानं शेवटचा आघात केला आणि हात तारांपासून दूर घेतला. मी मनात मोजत होतो. अकरापर्यंत तार स्पष्ट होती. नंतर लांब कुणाच्या तरी विहिरीवर मोटर चालू होती ती, की अजून तारच होती, ते ठरवता येईना. त्यानं तारांवर तळहात ठेवला नाही.